‘तीस टक्के’ म्हणजे किती? प्रेडिमेड ट्रायल पुन्हा वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी कोर्सवर्कमध्ये एक सेमिनार द्यावा लागतो. एखादा गाजलेला पेपर घ्यायचा आणि वीस मिनिटांत तो वर्गाला समजावून सांगायचा. मी घेतला होता ‘प्रेडिमेड’. आहार बदलून हृदयविकार टाळता येतो, हे मोठ्या ट्रायलने दाखवलं म्हणून जगभर गाजलेला पेपर. शेवटच्या स्लाइडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘धोका ३० टक्क्यांनी कमी!’ उद्गारचिन्हासकट.

सेमिनार संपल्यावर मागे बसलेल्या एका मॅडमनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, ‘तीस टक्के म्हणजे किती जणांपैकी किती?’ दुसरा, ‘हा पेपर कुठल्या सालचा वाचलास?’ पहिल्याचं उत्तर मला आलं नाही. दुसऱ्याचं आलं, २०१३, आणि तेच जास्त महागात पडलं. कारण २०१३ चा तो पेपर २०१८ मध्ये मागे घेतला गेला होता आणि दुरुस्त करून नव्याने छापला गेला होता. मी लॅबच्या सामायिक फोल्डरमधली जुनी पीडीएफ उचलली होती. जर्नलच्या साइटवर जाऊन एकदा बघावं, एवढंही सुचलं नव्हतं.

तेव्हापासून हा पेपर मी चार-पाच वेळा तरी वाचला असेन. तुमच्यातले बरेच जण नेट, सेट किंवा पेटची तयारी करताय. ‘संशोधन अभिक्षमता’ या भागात रँडमायझेशन, कंट्रोल ग्रुप, बायस यांच्या व्याख्या पाठ करताय. त्या सगळ्या व्याख्या एकाच पेपरात जिवंत बघायच्या असतील तर हा पेपर वाचा. आज त्याची चिकित्सा करू.

मुळात ट्रायल काय होती?

आहार आणि आजार यांच्याबद्दल आपण जे ऐकतो, त्यातलं बरंचसं निरीक्षणातून आलेलं असतं. हजारो लोकांना काय खाता ते विचारायचं, पुढे कोणाला काय होतं ते बघायचं. यातली अडचण तुम्हाला माहीत आहे. भाज्या, फळं, सुकामेवा भरपूर खाणारा माणूस बहुधा सिगारेट कमी ओढतो, सकाळी फिरायला जातो, नियमित तपासण्या करतो आणि त्याच्या खिशात पैसेही जरा जास्त असतात. मग फायदा नेमका अक्रोडाचा की पगाराचा?

यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. कोण कुठल्या गटात जाणार हे माणसाने ठरवायचं नाही, डॉक्टरनेही नाही, नशिबाने ठरवायचं. मग सिगारेट, पगार, स्वभाव हे सगळं दोन्ही गटांत सारखं वाटलं जातं आणि उरतो तो फरक आहाराचा.

प्रेडिमेडने स्पेनमधल्या ११ केंद्रांवर हेच करायचं ठरवलं. एकूण ७,४४७ लोक. पुरुष ५५ ते ८० वर्षांचे, स्त्रिया ६० ते ८० वर्षांच्या. कोणालाही हृदयविकार झालेला नव्हता, पण धोका जास्त होता. म्हणजे एकतर मधुमेह, नाहीतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, वजन, घराण्यातला इतिहास यांपैकी किमान तीन गोष्टी. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला भूमध्यसागरी आहार आणि घरासाठी आठवड्याला एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, फुकट. दुसऱ्याला तोच आहार आणि रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट, तेही फुकट. तिसऱ्याला, म्हणजे कंट्रोल गटाला, स्निग्ध पदार्थ कमी खा असा सल्ला.

सरासरी पावणेपाच वर्षांच्या पाठपुराव्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू अशा एकूण २८८ घटना झाल्या. तेलाच्या गटात ९६, सुकामेव्याच्या गटात ८३, कंट्रोलमध्ये १०९. हझार्ड रेशो ०.७० आणि ०.७२. म्हणजे साधारण ३० आणि २८ टक्के कमी धोका. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पेपर आला आणि जगभर बातमी झाली.

चिठ्ठ्या कुठे चुकल्या?

२०१७ मध्ये इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी पाच हजारांहून जास्त ट्रायल्स एका साध्या कसोटीवर तपासल्या. त्यांनी निकाल पाहिलेच नाहीत. पाहिला तो फक्त ‘टेबल वन’. प्रत्येक ट्रायलच्या सुरुवातीला हा तक्ता असतो : कुठल्या गटात सरासरी वय किती, वजन किती, उंची किती. आपण सगळे तो ओलांडून पुढे जातो. कार्लाइल यांचा मुद्दा असा की चिठ्ठ्या खरंच नशिबाने पडल्या असतील, तर या तक्त्यातले फरकही नशिबाने पडतील तेवढेच असायला हवेत. फार जास्त असले तरी संशय, आणि फार कमी असले तरी संशय. प्रेडिमेडचा तक्ता या कसोटीवर विचित्र दिसला.

मग संशोधकांनी स्वतःचीच कागदपत्रं पुन्हा उघडली. तीन गोष्टी बाहेर आल्या.

एक, एकाच घरातली दुसरी व्यक्ती ट्रायलमध्ये आली, तर तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी न टाकता तिला त्याच गटात घातलं होतं. एका ओट्यावर दोन आहार कसे शिजणार, म्हणून. व्यवहारात बरोबर, पण पद्धतीत गडबड. शिवाय नवरा-बायको एकाच पातेल्यातलं जेवतात, एकाच वातावरणात राहतात. आकडेमोडीत त्यांना दोन स्वतंत्र माणसं धरलं, की आपली खात्री आहे त्यापेक्षा जास्त दिसायला लागते.

दोन, एका केंद्रावर चिठ्ठ्या माणसागणिक न टाकता अख्ख्या दवाखान्यागणिक वाटल्या गेल्या. याचं नंतर बाहेर आलेलं कारण वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. शेजाऱ्याला फुकट तेल आणि आपल्याला काहीच नाही, अशी लोकांची तक्रार. तिथल्या संशोधकाने भांडण मिटवायला सगळ्यांना एकच आहार दिला, आणि ट्रायलच्या प्रमुखांना हे कळवलंच नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गावात फुकट तेलाचं वाटप करून बघा, हेच होईल.

तीन, आणखी एका केंद्रावर चिठ्ठ्यांचा तक्ता ठरल्याप्रमाणे वापरला गेला नसावा, असं दिसलं.

लक्षात घ्या, आकडे बनवल्याचा हा प्रकार नव्हता. माणसं दयाळूपणे वागली, सोयीने वागली, आणि त्यातून पद्धत मोडली. पद्धत बहुतेक वेळा अशीच मोडते. तुम्ही उद्या प्रयोगाला बसाल तेव्हा फसवणूक करण्याचा मोह क्वचित होईल. ‘एवढ्याने काय होतंय’ असं मात्र रोज वाटेल.

पेपर मागे घेतला, मग उरलं काय?

जून २०१८ मध्ये त्याच जर्नलने जुना पेपर मागे घेतला आणि त्याच दिवशी सुधारित विश्लेषण छापलं. शंका असलेले १,५८८ लोक वगळून केलेलं गणितही त्यात होतं. निकाल जवळपास तेच आले : ०.६९ आणि ०.७२.

यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया मी ऐकल्या आहेत. एक म्हणते, पेपर मागे घेतला म्हणजे सगळं खोटं. दुसरी म्हणते, आकडे तेच आले म्हणजे सगळं खरं. दोन्ही चूक. पहिल्यांना मी सांगते की स्वतःची चूक शोधून ती जाहीर करणं, सगळी मांडणी पुन्हा करणं, हे करायला हिंमत लागते. बहुतेक पेपर्सची अशी तपासणी कधी होतही नाही. दुसऱ्यांना सांगते की दोन्ही आवृत्त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून फक्त क्रियापद बघा. २०१३ मध्ये आहाराने घटना ‘कमी केल्या’. २०१८ मध्ये त्या आहाराच्या गटात घटना ‘कमी होत्या’. पहिलं वाक्य कारण सांगतं, दुसरं फक्त जे दिसलं ते सांगतं. आकडा दोन दशांशांपर्यंत जवळजवळ तोच, पण दावा एक पायरी खाली उतरला. ७,४४७ पैकी १,५८८, म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त जणांच्या चिठ्ठीवर भरवसा नाही, तेव्हा वाक्य एवढंच लिहिता येतं.

माझी मोठी तक्रार : तुलना कशाशी?

खरं सांगायचं तर रँडमायझेशनची भानगड गाजली म्हणून त्याहून जुना आणि मोठा प्रश्न मागे पडला, असं मला वाटतं. तो प्रश्न कंट्रोल गटाचा आहे.

तेल आणि सुकामेव्याच्या गटांना सुरुवातीपासून दर तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञ भेटत होते. कंट्रोल गटाला पहिली काही वर्षं जवळपास एका पत्रकावर भागवलं. पुढे ही विषमता लक्षात आल्यावर त्यांच्याही भेटी वाढवल्या. त्यांना स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितलं होतं, पण प्रत्यक्षात ते फारसे कमी झालेच नाहीत. म्हणजे ‘भूमध्यसागरी आहार विरुद्ध कमी चरबीचा आहार’ हे नाव कागदावरच राहिलं. ट्रायल सोडून जाणारेही कंट्रोलमध्येच जास्त : ११.३ टक्के, इतर दोन गटांत मिळून ४.९ टक्के. ज्याला काही मिळत नाही तो थांबेल कशाला?

मग या ट्रायलने नेमकं काय तपासलं? माझ्या मते असं : आधीच स्पॅनिश पद्धतीचं जेवण जेवणाऱ्या, जास्त धोका असलेल्या प्रौढांना चांगलं तेल किंवा सुकामेवा घरपोच फुकट दिला आणि वरचेवर कोणीतरी आस्थेने विचारपूस केली, तर काय होतं? प्रश्न चांगलाच आहे. पण ‘ऑलिव्ह तेल खा, हार्ट अटॅक टाळा’ हा तो प्रश्न नव्हे. आणि शेंगदाणा तेलावर वाढलेल्या आपल्या घरांना तो जसाच्या तसा लावता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ट्रायल ठरलेल्या वेळेआधी, फायदा दिसतोय म्हणून थांबवली गेली. अशा थांबवलेल्या ट्रायल्समध्ये फायदा आहे त्यापेक्षा मोठा दिसण्याची प्रवृत्ती असते. कारण आकडा वर-खाली हलत असताना आपण तो नेमका वर असतानाच हात वर करतो. शिवाय तीन घटना सुट्या करून पाहिल्या, तर ठळक फरक मुख्यतः स्ट्रोकमध्ये होता. हार्ट अटॅकमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही.

आता मॅडमचा पहिला प्रश्न

किती जणांपैकी किती? कंट्रोल गटात दर हजार माणसांमागे वर्षाला ११.२ घटना, तेलाच्या गटात ८.१. फरक साधारण तीनचा. म्हणजे हजार जणांनी वर्षभर तो आहार घेतला तर तीन घटना टळतात. पाच वर्षांचा हिशेब केला तर साधारण ६५ माणसांमागे एक. हाच तो ‘तीस टक्के’.

आता शेजारी आपल्याकडचं एक उदाहरण ठेवू. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांची इंडियन डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम ही ट्रायल २००६ मध्ये छापून आली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ भारतीय. एका गटाला नेहमीचा सल्ला, एकाला आहार आणि चालण्याचा कार्यक्रम, एकाला मेटफॉर्मिनची गोळी, एकाला दोन्ही. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, जीवनशैली बदललेल्या गटात ३९.३ टक्के. सापेक्ष घट २८.५ टक्के. म्हणजे प्रेडिमेडच्या जवळपास तेवढीच.

पण शंभरात सोळा जणांचा फरक आहे हा! साधारण सहा-सात जणांनी तीन वर्षं बदल पाळला तर एकाचा मधुमेह त्या काळापुरता टळला किंवा लांबला. प्रेडिमेडला तीन वर्षांचं तेच माप लावलं तर एका घटनेमागे शंभरावर माणसं लागतात. दोन्हीकडे ‘तीस टक्के’, आणि अर्थात जमीन-अस्मानाचं अंतर. अर्थात एकीकडे रक्ततपासणीत निघालेला मधुमेह आहे आणि दुसरीकडे स्ट्रोक किंवा मृत्यू, त्यामुळे कुठली ट्रायल श्रेष्ठ हे यातून ठरत नाही. ठरतं एवढंच, की मूळ धोका किती होता हे सांगितल्याशिवाय टक्केवारी सांगणं म्हणजे पन्नास टक्के सूट लिहून मूळ किंमत झाकणं.

आणि कॅन्सर?

इथे हा विषय माझ्यासाठी परीक्षेपुरता राहिला नाही.

प्रेडिमेडच्याच स्त्रियांवर २०१५ मध्ये वेगळा पेपर आला. ४,२८२ स्त्रिया. तेलाच्या गटात स्तनाच्या कॅन्सरचा धोका ६८ टक्क्यांनी कमी. मथळ्याला याहून चांगला आकडा कुठला? दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीचं याच आजाराचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर कोणीतरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर या ६८ टक्क्यांचा फॉरवर्ड पाठवला. मी भेटायला गेले तेव्हा तिने फोन पुढे केला आणि विचारलं, ‘म्हणजे मी तेलाचं नीट बघितलं असतं तर झाला नसता का गं?’

त्या संध्याकाळी मी तिला पेपर समजावला. सेमिनारमध्ये समजावला होता त्यापेक्षा बरा समजावला असावा.

अख्ख्या पेपरात कॅन्सर झालेल्या स्त्रिया होत्या ३५. तिन्ही गटांत मिळून. कंट्रोल गटात वर्षाला हजारात २.९, तेलाच्या गटात १.१. इतक्या कमी केसेसमध्ये दोन-तीन जणी इकडच्या तिकडे झाल्या असत्या तरी आकडा बराच हलला असता. पेपर स्वतःच हे सांगतो : हझार्ड रेशो ०.३२, पण त्याची मर्यादा ०.१३ पासून ०.७९ पर्यंत. म्हणजे घट ८७ टक्केही असू शकते आणि २१ टक्केही. सुकामेव्याच्या गटात तर फरक आहे की नाही हेच ठरत नाही. शिवाय कॅन्सर हे या ट्रायलचं मुख्य लक्ष्य नव्हतंच, आणि चिठ्ठ्यांची वर सांगितलेली गडबड याही पेपरच्या मुळाशी आहे. यावर पुढचं संशोधन जरूर व्हावं. मथळा मात्र होऊ नये.

पण मावशीला मी यातलं फार थोडं सांगितलं. तिला सांगितलं ते हे : ज्यांनी तेल बदललं नाही अशा हजार बायकांपैकी वर्षभरात ९९७ जणींना काहीच झालं नाही. आणि ज्यांनी बदललं त्यांच्यातही एकीला झालाच. तुझा कॅन्सर कढईतून आला असं म्हणायला कोणाकडेच पुरावा नाही. समूहाच्या आकड्यातून धोरण ठरतं, सल्ला देता येतो. एका माणसाचा दोष ठरवता येत नाही.

ती काही बोलली नाही. फॉरवर्ड मात्र तिने डिलीट केला.

मग जीवनशैलीचं काहीच खरं नाही का?

आहे, आणि भरपूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. पण त्या आकड्यामागे सर्वांत मोठा वाटा तंबाखूचा आहे, ऑलिव्ह तेलाचा नाही. शिवाय दारू, वजन, आणि एचपीव्ही व हिपॅटायटिस बी यांसारखे संसर्ग, ज्यांच्यावर लस आहे. तंबाखू आणि सुपारी दोन्हींना आयएआरसीने माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवर काय लटकलेलं असतं ते आपण बघतो. आणि मशेरी लावणाऱ्या आज्या, काकू ज्या घरात आहेत, त्याच घरात ‘कुठलं तेल चांगलं’ यावर तासभर चर्चा चालते. ज्याचा पुरावा भक्कम तिकडे दुर्लक्ष, ज्याचा कच्चा तिकडे उत्साह. बाटली विकत घेता येते आणि सवय सोडावी लागते, हेही त्याचं एक कारण असावं.

म्हणूनच ही चिकित्सा मला महत्त्वाची वाटते. कच्च्या पुराव्यावर मोठे दावे केले, की उद्या ते मागे घेताना लोकांचा भक्कम पुराव्यावरचाही विश्वास उडतो. ‘हे शास्त्रज्ञ रोज वेगळंच सांगतात’ हे वाक्य तुम्ही घरी ऐकलंच असेल. त्यात आपलाही थोडा हात आहे. माझ्या त्या स्लाइडवरच्या उद्गारचिन्हाचा नक्कीच आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

प्रेडिमेडच्या दोन्ही आवृत्त्या शोधा आणि शेजारी ठेवा. मग या क्रमाने वाचा.

१. जर्नलच्या साइटवर जाऊन पेपरची सद्यस्थिती बघा. दुरुस्ती आहे का, मागे घेतलाय का. फोल्डरमधल्या पीडीएफला हे माहीत नसतं.

२. निष्कर्ष शेवटी वाचा. आधी ‘टेबल वन’ आणि पद्धती. चिठ्ठी कोणी टाकली, कशी टाकली, घरागणिक की माणसागणिक?

३. कंट्रोल गटाला प्रत्यक्षात काय मिळालं ते एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता येत नसेल तर तुलना कशाशी होती हे अजून कळलेलं नाही.

४. प्रत्येक टक्केवारीचं ‘किती जणांपैकी किती, किती वर्षांत’ असं भाषांतर करा. एकूण घटना किती झाल्या तेही लिहा. ३५ आणि २८८ यांत फरक आहे.

५. निष्कर्षातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. ‘कमी केलं’ की ‘कमी होतं’?

यात फारतर एक संध्याकाळ जाईल. मी ती घालवली नव्हती, म्हणून वर्गासमोर उभं राहून गप्प बसावं लागलं. ते एक वेळ चालतं. मावशीसमोर मात्र उत्तर तयार होतं, आणि ते त्या दोन प्रश्नांमुळेच.